बिनसोन्याचा फ्लास्क

बाटलीतलं सोनं पांढरं असतं,
मिठासारखं.
फोनवर सांगितलं तेव्हा दादा हसले,
मग ओळखायचं कशावरनं?
लेबलवरून, मी म्हटलं.

पाच मिलिग्रॅम. गुंजेचा चोविसावा हिस्सा.
एवढ्यासाठी श्वास धरून तराजूची काच सरकवते मी,
बर्मिंगहॅममध्ये, तिसऱ्या मजल्यावर;
बाहेर घड्याळाचा मनोरा
गळ्यापर्यंत धुक्यात.

दादा कोल्हापुरात गुजरीतले झारेकरी.
दुकानं उघडायच्या आधी
कुंच्यानं गटाराच्या कडा झाडायचे.
पाटीत पाणी, पाण्यात माती, मातीत हात,
आणि मनगटाचा तो एक हेलकावा
जो मला कधी जमला नाही.
सोनं जड, ते मागं राहतं, म्हणायचे.
वाहून गेलं ते आपलं नव्हतंच.

इथे शिकले ते असं :
जड आहे म्हणूनच त्याच्या पोटातले इलेक्ट्रॉन
प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगानं पळतात,
आत ओढले जातात.
म्हणून ते पिवळं. म्हणूनच ते भुकेलं.
तिहेरी बंध दिसला की त्यावर अलगद बसतं,
साखळीचं एक टोक दुसऱ्याच्या हाती देतं,
कडी जुळली की उठून पुढच्या दारी.
दक्षिणा न घेणारा भटजी,
असं सेमिनारमध्ये म्हणणार होते.
इंग्रजीत त्याचं काही होईना.

अकरा महिने कडी जुळत होती.
जांभळ्या दिव्याखाली टीएलसीची पट्टी,
एकच ठिपका, रोज त्याच उंचीवर.
निबंधाच्या शीर्षकात
सोनं हा पहिलाच शब्द.

मग परीक्षकाची एक ओळ आली :
नुसती चांदी घालून पाहिलीत का?

सोन्याला जागं करायला चांदीचा क्षार घालतात.
तो सोन्याच्या गळ्यातलं क्लोराइड काढून घेतो,
पांढरा साका होऊन तळाशी बसतो,
आणि त्याचं काम संपतं.
असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

शनिवारी इमारतीत कोणी नव्हतं.
फ्लास्कला फॉइल गुंडाळलं, आत चांदी.
सोन्याची बाटली कपाटात, कुलूप लावून.
चार तास. दोन कप चहा,
दुसरा तसाच निवला.
पट्टी दिव्याखाली धरली.

ठिपका.
त्याच उंचीवर.

रविवारी सोनं एकटं घातलं, चांदीऐवजी सोडियमचा क्षार.
काही नाही.
सोमवारीही नाही.

सोमवारी नोरीन ट्रँटर आली, स्टोअर्सची,
सोन्याच्या उरल्यासुरल्याची बाटली न्यायला.
रिफायनरी परत पैसे देते, म्हणाली, थोडेसे.
तिची आई वाइज स्ट्रीटवर पॉलिशचं काम करायची.
उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मालक सगळ्यांचे एप्रन गोळा करून जाळायचा,
फरशीच्या फळ्यासुद्धा.
आईच्या हातात अंगठी नव्हती कधी, नोरीन म्हणाली,
पण एप्रनच्या राखेचं वजन
मालकाच्या वहीत असायचं.

मी तिला गुजरी सांगितली.
त्या कामाला शब्द आहे तुमच्यात?
आहे. झारेकरी.
तिनं दोनदा म्हणून पाहिलं,
झ काही निघाला नाही.
बाटली काखेत धरून गेली.

प्रोफेसर पेनबर्थींना कळवलं :
शीर्षक बदलावं लागेल, पहिला शब्द.
उत्तर आलं, घाई नको, पुन्हा कर.
पुन्हा केलं. तीनदा.
फ्लास्क धुताना लक्षात आलं,
तळाचं पाणी मी गोल फिरवतेय,
मनगटानं, वाकडंतिकडं,
आणि खाली काहीच उरत नाही.

रात्री दादांना सांगितलं.
म्हणजे केलं चांदीनं, नाव झालं सोन्याचं?
हो.
आणि ते तूच शोधलंस?
हो.
बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज.
मग म्हणाले,
तिकडं चांदीचा भाव काय चाललाय?